लाखेनं बंद केलेला रांजण

फार जुन्या काळी, ज्या डोंगरावर आता नुसतं गवत वाढतं तिथं गाव होतं तेव्हा, एक सासू कुंभाराच्या भट्टीजवळ उभी राहून कुंभारणीला म्हणाली, "नव्या सुनेचं काय सांगू तुला? टिचकी मारली तरी आवाज येत नाही. मडकं असती तर घेतली नसती मी."

कुंभारीण हसली. सासूही हसली. आणि रचून ठेवलेल्या रांजणांच्या आड, टिचक्या मारून रांजण पारखायला बसवलेली ती नवी सून, हात तसाच धरून बसून राहिली.

तिला राग आला, पण त्याआधी थोडं कौतुकही वाटलं. उपमा चांगली होती. रांजण घेताना टिचकी मारतात. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठंतरी तडा.

ती गप्प का आहे, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या सकाळी सासूनं तिला सांगितलं होतं, "आमच्याकडे सुना मोठ्यांच्या मध्ये बोलत नाहीत." तिनं ते ऐकलं. आता ऐकणारी सून मिळाली म्हणून ते घर नाराज होतं.

रांजण घ्यायचा होता नणंदेच्या सोयरिकीसाठी.

त्या गावात घरोघरी नाचणीची दारू करत. नाचणीला मोड आणायचे, वाळवायची, भरडायची, शिजवायची आणि रांजणात आंबत ठेवायची. गोडसर, फेसाळ, जराशी चढणारी. आजकालची शहरातली माणसं तिला बीअर म्हणतील आणि थंड करून पितील. त्या गावाला ती देवापुढे लागायची, पेरणीला लागायची, आणि सोयरिकीला तर लागायचीच.

सोयरिकीची रीत अशी होती. मुलीच्या घरानं रांजण भरायचा. मुलाच्या आईच्या समोर त्याचं तोंड बंद करायचं आणि ओल्या लिंपणावर तिनं आपला अंगठा उमटवायचा. दारू तयार झाली की तिनं यायचं, आपला अंगठा शाबूत आहे ना ते पाहायचं, आपल्याच हातानं तोंड फोडायचं आणि पहिला घोट घ्यायचा. घोट गोड लागला तर सोयरीक पक्की. दारूचा शिर्का झालेला असला, किंवा अंगठा आधीच मोडलेला दिसला, तर तिनं उठून जायचं. भांडण नाही, कारण नाही. नुसतं उठून जायचं.

आदल्या वर्षी शेजारच्या घरातून एक बाई अशीच उठून गेली होती. लिंपणाला बोटभर भेग पडली, वारा आत गेला, दारूचा शिर्का झाला. त्या घरातली मुलगी अजून पाणवठ्यावर सगळ्यांच्या नंतर जात असे.

सासूनं ते पाहिलं होतं. म्हणून तिनं ठरवलं होतं की आपल्या रांजणात वाऱ्याचा कणसुद्धा जाता कामा नये.

रांजण पारखण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. टिचकीनं जो खणखणला, त्यात तिनं रात्रभर पाणी भरून ठेवलं आणि सकाळी बुडाला हात लावून पाहिला. कोरडा होता. मग त्याला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर दिला. नाक आत घालून वास घेतला. इथवर सगळं तिच्या सासूनं शिकवलं तसंच. पुढचं तिचं स्वतःचं होतं. रांजणाला तिनं आतून लाखेचा लेप दिला. नाचणी भरल्यावर तोंडावर माती-शेणाचं लिंपण घालायचं, ते न करता शेळीचं कातडं ताणून बसवलं. भोवती सुंभ आवळला. आणि कडेनं सगळीकडे व वर मधोमध वितळलेली लाख ओतली.

मुलाची आई पलीकडच्या खोऱ्यातून आली होती. धिप्पाड बाई, मोठ्या आवाजाची. ती म्हणाली, "लाख कशाला हो विहीणबाई? आमच्याकडे मातीच असते."

"आमच्याकडे सगळं पक्कं असतं," सासू म्हणाली.

विहिणीनं मधल्या मऊ लाखेवर अंगठा दाबला, चटका बसला म्हणून फुंकर मारली आणि ती गेली.

नवी सून उंबऱ्याशी उभी होती. तिच्या माहेरीही दारू करत. तिकडे लिंपणात बोटाएवढा पोकळ बांबू खोचत आणि त्याचं दुसरं टोक पाण्याच्या वाडग्यात बुडवून ठेवत. आतली वाफ पाण्यातून बुडबुडत बाहेर जाई, पण बाहेरचा वारा पाणी ओलांडून आत येऊ शकत नसे. हे सांगावं असं तिच्या मनात आलं. मग भट्टीजवळचं बोलणं आठवलं. टिचकीही न मारता वाजावं, असं तिला वाटेना.

दुसऱ्या घरांतले रांजण लवकरच बोलायला लागले. मातीच्या लिंपणाला केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून सुस्कारे निघतात, फुसफुस होते. गल्लीतून जाताना ऐकू येई. या घरातला रांजण मात्र अगदी शांत होता.

सासू खूश होती. "बघा, हूं की चूं नाही."

मग कातडं फुगायला लागलं.

आधी नुसतं ताणलेलं दिसलं. नंतर जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखं वर आलं. सुनेनं नवऱ्याला सांगितलं, "रांजण फुगलाय."

"आईला सांग की."

"तुम्ही सांगा."

"मी? मला काय कळतं त्यातलं?" असं म्हणून तो गुरांकडे गेला. गुरं त्या वेळी चरायला गेलेली होती.

तिनं थोरल्या जावेला गाठलं. जाऊ म्हणाली, "दिसतंय गं मला. पण मागं मी एकदा म्हटलं, आमटीत मीठ जास्त पडलंय. अजून मला कुणी चव बघायला देत नाही. तू आपली भाकऱ्या थाप."

सासऱ्यांना तर ती सांगणार कशी? पण मामंजी रांजणाजवळून जाताना थांबले, कातड्याकडे पाहिलं, खाकरले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. हळूहळू घरातली सगळी माणसं रांजणाला वळसा घालून जायला लागली. कुणी काही म्हणत नव्हतं. पण माजघरातली वाट आपोआप वाकडी झाली.

एके दिवशी सकाळी कातड्यावर वरवंटा ठेवलेला दिसला. कुणी ठेवला ते कुणी विचारलं नाही. पुढे वरवंटा उतरला आणि पाटा चढला. जाऊ म्हणाली, "आता चटणी कशावर वाटू?" आणि तीही लगेच गप्प झाली, कारण सासू बघत होती.

फक्त नणंद वळसा घालत नसे. ती तांदूळ निवडायला सूप घेऊन नेमकी रांजणाला टेकून बसे आणि एक कोपर पाट्यावर ठेवी. तिला तो मुलगा आवडला होता. खोऱ्यातल्या बाजारात त्यानं तिला ओंजळभर बोरं दिली होती, आणि ती कुणाला न दाखवता तिनं एकटीनं खाल्ली होती.

सून तिच्याकडे बघत राही. रांजणाला कुठंही भोक पाडावं तर विहिणीचा अंगठा मोडल्यासारखंच होतं आणि सोयरीक जाते. न पाडावं तर रांजण फुटतो, आणि त्याला टेकून वन्सं बसलेल्या असतात. तिला झोप लागेना. तरीही ती बोलली नाही. आज कुणीतरी बोलेल, असं त्या घरात प्रत्येकाला वाटत होतं, आणि तिलाही वाटत होतं.

शेवटी विहीण आली. बरोबर दोन दीर आणि बोरंवाला मुलगा. पाटा घाईघाईनं उतरवला गेला. सगळे माजघरात बसले. नणंदेला रीतीप्रमाणे रांजणाशेजारी बसवलं. विहिणीनं गूळ खाल्ला, पाणी प्यायलं, वाटेतल्या ओढ्याला नावं ठेवली. सासू हसत होती. पण तिची नजर रांजणावरून हलत नव्हती.

तेवढ्यात कडेच्या लाखेतून शीळ घातल्यासारखा बारीक आवाज आला आणि रांजणाच्या पोटावर, नणंदेच्या खांद्यामागे, एक काळी रेघ उमटली.

"वन्सं, उठा! उठा तिथून!"

इतका मोठा आवाज या सुनेचा आहे, हे कुणाला माहीत नव्हतं. नणंद दचकून उठली. सुनेनं भिंतीत खोचलेलं दाभण ओढलं आणि विहिणीच्या अंगठ्याच्या बरोबर मध्ये खुपसलं.

रांजणानं असा काही श्वास सोडला की कातडं फाटलं आणि चुलीतली राख उडाली. पाठोपाठ फेस आला. तो आढ्याला लागला, मामंजींच्या पागोट्यावर पडला, गुळाच्या ताटात पडला. विहिणीचा थोरला दीर बाहेर पळाला. मग फेस बसला.

विहिणीनं तोंड पुसलं. ओठ चाटला. मग उठून फाटकं कातडं बाजूला सारलं, रांजणात वाटी बुडवली आणि एक घोट घेतला.

"आंबट नाही," ती म्हणाली. "चांगली आहे. पण अंगठा माझा आणि हात हिचा. हे काय?"

"माझ्या सुनेला अक्कल नाही," सासू घाईनं म्हणाली. "नवी आहे."

विहिणीनं रेघ बोटानं चाचपली. "हा आणखी थोडा वेळ राहिला असता तर तुमची मुलगी मी कशी नेली असती, ते तरी सांगा. फुगलेला कुणाला दिसला नाही?"

मामंजी खाकरले. मग त्यांना दुसरं काही सुचेना म्हणून ते म्हणाले, "दिसला. मला वाटलं, बायकांचं काम आहे."

"मलाही दिसला होता," जाऊ म्हणाली.

नवरा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. "मला हिनं सांगितलं होतं."

नणंद हळूच म्हणाली, "मला पण दिसत होता. म्हणून तर मी टेकून बसायचे. माझं वजन पडलं तर दबून राहील, असं वाटलं."

ते ऐकून सासू मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "सगळ्यांत आधी मलाच दिसला होता गं."

विहिणीनं वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "आंबट निघाली असती तर मी उठून गेले असते. ते सोपं होतं. पण ज्या घरात सगळ्यांना दिसतं आणि बोलत कुणी नाही, तिथली मुलगी मी न्यायची कशी? माझ्याकडे येऊन तिला काही दुखलंखुपलं तर मला कळणार कसं? विहीणबाई, दुसरा रांजण भरा. तोवर सोयरीक जमलीही नाही आणि मोडलीही नाही. आणि या वेळी भरताना ज्याला जे दिसेल ते त्यानं तिथंच बोलायचं. मी ऐकायला बसणार आहे."

दुसरा रांजण भरायला घेतला तो दिवस गावात अजून कुणी असतं तर त्यानं सांगितला असता. इतका गोंगाट त्या घरात कधी झाला नव्हता. जाऊ म्हणाली, नाचणी जरा जास्तच भरडली गेली. सासू म्हणाली, मग तू भरड. मामंजी म्हणाले, गळ्यापर्यंत भरू नका, फेसाला जागा ठेवा, आणि एवढं बोलून स्वतःच चकित झाले. नणंदेनं सांगितलं की तिला तिखट सोसत नाही. त्याचा रांजणाशी काही संबंध नव्हता, पण विहिणीनं मान डोलावली. बोरंवाला मुलगा हसला, तर त्याच्या आईनं त्यालाही विचारलं, "तुला काय दिसतंय?"

त्या रांजणाची दारू गोड निघाली. वरातीत ती पहिल्याच वळणावर संपली, म्हणून दोन्हीकडची माणसं पुढचा सगळा रस्ता भांडत चालली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी रांजणाच्या तोंडावर मातीचं लिंपण चढलं, तेव्हा सुनेनं त्यात पोकळ बांबू खोचला आणि त्याचं टोक पाण्याच्या वाडग्यात सोडलं. सासू कंबरेवर हात ठेवून उभी होती. पहिला बुडबुडा वर आला तसा तिचा जीव वरखाली झाला.

"अगं, मग एवढं लिंपायचं तरी कशाला?" ती म्हणाली. "उघडाच ठेवू की. आणि इतकं येत होतं तुला, तर त्या वेळी तोंड का नाही उघडलंस?"

सगळे तिच्याकडे वळले. नवरा, जाऊ, मामंजी, विहीण. सुनेनं हाताची माती पुसली. सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"आत्याबाई, तोंड लिंपायचं ते बाहेरचं आत येऊ नये म्हणून, आतलं बाहेर यायला वाट ठेवावीच लागते, मग तो रांजण असो की घर."