वरचं एक फूल

हिरेगावच्या दरबारात त्र्यंबकशास्त्री एकच संख्या मिरवत: दोन हजार पाचशे वीस. दोनपासून दहापर्यंत कशानेही भागा, बाकी शून्य. देवळाच्या फुलांचं काम त्यांना मेव्हण्याला मिळवून द्यायचं होतं, पण ते वर्षानुवर्षं गोदाक्का माळणीकडे होतं.

म्हणून त्यांनी राजासमोर तिला अट घातली. "उद्या अशी टोपलीभर फुलं आण, की दोन-दोनचे गुच्छ बांधा नाहीतर तीन-तीनचे, थेट दहा-दहापर्यंत, दरवेळी एकच फूल उरेल. चुकलीस तर काम सोड."

दुसऱ्या दिवशी शिपाई दुपारपर्यंत गुच्छ बांधत-सोडत बसले. दरवेळी एकच फूल उरलं.

"एकूण किती आणलीस?" राजाने विचारलं.

"दोन हजार पाचशे एकवीस, महाराज. संख्या शास्त्रीबुवांचीच. पण शून्यावर संपणारा आहेर आपल्यात कुणी देत नाही, म्हणून वर शकुनाचं एक ठेवलं."

शास्त्री उसळले. "म्हणजे हिशेब सगळा माझा. यात तुझं काय गं?"

"तुमचं सगळं वाटण्यात संपलं, बुवा," गोदाक्का म्हणाली. "उरलं ते माझं."

राजाने ते उरलेलं फूल तिच्या टोपलीत ठेवलं, आणि देवळाचं कामही.