तिरक्या रेघेचा खडा

एका राज्यात नदीला पाण्यापेक्षा खडे जास्त होते, आणि प्रत्येक खड्याच्या पोटात काहीतरी होते. एकात ढग, एकात शेवाळलेले रान, एकात तिन्हीसांजेचे लाल आभाळ. ही चित्रे कुणी काढलेली नव्हती. दगडाने ती आपल्याआपणच धरली होती. तिथले कारागीर खडा लाखेने काडीला चिकटवीत, ओल्या चाकावर घाशीत, पोट सपाट ठेवीत आणि पाठ घुमटासारखी गोल घोटीत. चित्र उमटले की हात थांबवायचा, खडा स्वच्छ पाण्यात बुडवायचा आणि त्याला नाव द्यायचे. नाव दिलेला खडा पुन्हा चाकावर धरायचा नाही, हा तिथला रिवाज होता.

या कामात तुंगा नावाची बाई सर्वांत वरचढ होती, आणि तिला ते चांगलेच ठाऊक होते. तिच्या खिडकीत एक बोलकी साळुंकी राही. न विचारता सल्ला देणे हा साळुंकीचा धंदा होता.

राजा विजयशेखर मनाने फार भला. पण त्याला एक खोड होती. वाकडे काही दिसले की त्याचा जीव कासावीस होई. बागेतली फांदी वाकडी वाढली, छाटा! ताटातला लाडू चपटा निघाला, परत न्या! त्याची एकुलती एक लेक चारुमती मात्र गडगडाटी हसे, आणि ते राजाला चाले, कारण तिच्यावर त्याचा भारी जीव.

एके दिवशी डोंगरावरचा मांत्रिक अश्मकेतू दरबारात आला. राजकन्येच्या अंगठीसाठी त्याने एक खडा भेट दिला. खड्यात हरीण होते. तो खडा तुंगेनेच घोटला होता, तिनेच त्याला नाव दिले होते.

मांत्रिक गेला आणि राजाने तुंगेला बोलावले. "याचे एक शिंग अर्धे आहे. नीट कर."

"महाराज, याला नाव दिले आहे. रिवाज मोडेल."

"जमत नसेल तर तसे सांग."

झाले! हे तुंगेला झोंबले. "आणखी एकच हात फिरवते, महाराज," असे म्हणून तिने खडा चाकावर धरला. आधी शिंग गेले, मग मान गेली, मग खडा नुसता कोरा राहिला. हरीण त्यातून निसटले आणि त्याची सावली राजवाड्याच्या भिंतींवरून बेघर हिंडू लागली.

अश्मकेतू वाऱ्यासारखा परत आला. "राजा, माझे हरीण घालवलेस. आता तुझी लेक दगडात राहील." त्याने फुंकर मारली. चारुमती तेव्हा कशालातरी हसत होती. ती हसता हसताच नाहीशी झाली, आणि मांत्रिकाच्या तळहातावर एक ओबडधोबड करडा दगड आला.

राजाने गुडघे टेकले. "उःशाप द्या."

"तीन दिवस, तीन खडे. पहिल्यात माझ्या हरणाला रान द्या. दुसऱ्यात पाणी द्या. तिसरा हा दगड. घासणे कमी पडले तर लेक आतच राहील. जास्त झाले तर तिची सावलीही उरणार नाही."

"हे कोण करील?"

"ज्या हाताने बिघडवले, तोच."

तुंगा घरी येऊन ओक्साबोक्शी रडली. आपल्या तोऱ्यापायी एक हसती मुलगी दगडात गेली, हे तिच्या काळजाला लागले. साळुंकी म्हणाली, "रडून खडा घासला जात नाही. नदीवर चल."

पहिल्या दिवशी साळुंकीने चोच मारून एक खडा दाखवला. राजवाड्यातल्या चाकावर त्यातून हिरवेगार रान उमटले, पण मधोमध जळका बुंधा. तुंगेचे हात शिवशिवले. तिने ते आवरले, खडा पाण्यात बुडवला आणि म्हणाली, "रान." हरणाची सावली भिंतीवरून उतरली, खड्यात शिरली आणि त्याच बुंध्याला पाठ टेकून बसली.

दुसऱ्या दिवशीच्या खड्यात पांढराशुभ्र ओढा निघाला, काठावर मातकट डाग. तुंगेने तोही राहू दिला. दोन्ही खडे तिने एकाच कोंदणात शेजारी बसवले. हरीण उठले, पलीकडच्या खड्यात गेले, त्या डागावर पाय रोवून पोटभर पाणी प्यायले.

तिसऱ्या दिवशी सारा दरबार चाकाभोवती जमला, अश्मकेतूही आला. करडा दगड हळूहळू झिजू लागला. आधी पिवळा पदर दिसला, मग हात, मग हसरे तोंड. पण कपाळापासून हनुवटीपर्यंत एक काळपट तिरकी चीर होती.

राजा ताडकन उठला. "तुंगे, ही चीर काढ!"

"चीर खोल आहे, महाराज. तिच्याबरोबर चेहराही जाईल."

"माझ्या लेकीच्या तोंडावर चीर? ही राजाज्ञा आहे. आणखी एक हात फिरव!"

सूर्य डोंगराला टेकला. आज्ञा मोडली तर गर्दन जाणार, हे तुंगेला कळत होते. तिला भीती वाटली, आणि खरे सांगायचे तर मोहही झाला. आपल्याला जमेलही, असे वाटले. साळुंकी प्रथमच गप्प होती. तुंगेने चाक थांबवले, दगड घंगाळात बुडवला आणि ओरडली, "चारुमती!"

पाणी उसळले. घंगाळात राजकन्या उभी होती, गुडघ्यापर्यंत भिजलेली, अर्धे राहिलेले हसू पुरे करीत. चेहऱ्यावर ती तिरकी रेघ तशीच होती.

राजाने बोटाने ती रेघ वरपासून खालपर्यंत चाचपली आणि तो लहान मुलासारखा रडला. "चारू, मी आणखी एक हात फिरव म्हणालो होतो."

"ऐकले, बाबा. आतून सगळे ऐकू येते. आरसा द्या पाहू."

राजा नको नको म्हणत असताना तिने आरसा घेतला, मान वाकडी करून निरखले आणि म्हणाली, "छान आहे! अशी दुसऱ्या कुणाकडे नाही." मग ती अशी हसली की साळुंकी दचकून उडाली.

अश्मकेतूने हरीण घेतले, तुंगेला नमस्कार केला आणि तो डोंगरावर निघून गेला. शाप फिटला, नगरात साखर वाटली.

पुढे राजकन्येची तसबीर काढायला चितारी आला. त्याने अदबीने विचारले, "महाराज, रेघ दाखवू की वगळू?"

राजा म्हणाला, "आधी रेघ रंगव. मग तिच्या दोन्ही बाजूंना माझी लेक रंगव."

राजाला त्याची लेक मिळाली. ज्याचे जे हरवले असेल ते त्याला मिळो, आणि डागासकट मिळो.