गोड्या पाण्याचा तांब्या

एकदा एका गृहस्थाला घरात समुद्र आणावासा वाटला. घर पठारावरच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर. परंतु त्याची पत्नी किनाऱ्यावरची होती. "एकदा महिनाभर माझ्या गावी राहू," असे ती दरवर्षी म्हणे, आणि तो दरवर्षी रजा शिल्लक नसल्याचे सांगे. पुढे तो निवृत्त झाला, रजाच रजा झाली, आणि त्याच वर्षी ती गेली.

आता घरात बोलायला कोणी नव्हते. समोरच्या बिऱ्हाडात निमकर एकटेच राहत, पण त्यांच्याशी दारातल्या चपलांवरून अबोला होता. आणि अबोला ही एक गोष्ट माणसे फार निष्ठेने पाळतात. सवयीने तो सकाळी दोन कप चहा करी. दुसरा तिच्या खुर्चीसमोर ठेवी आणि निवला की मोरीत ओती.

शहरात एक वृद्ध होते. त्यांनी जन्मभर घरी समुद्री मासे पाळले होते. गृहस्थाने त्यांना गुरू केले आणि माशांच्या दुकानात नेले. दुकानदाराने सगळे आधीच मांडून ठेवले होते: काचेची लहानशी टाकी, लाटा उठवणारा पंप, पाणी घुसळून घाण काढणारे यंत्र, हीटर, निळे दिवे, मिठाची पिशवी, खारेपणा मोजायचे उपकरण, आणि आटलेले पाणी आपोआप भरणारे एक यंत्र.

"काका, हे शेवटचं घेतलंत की तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही."

गृहस्थाला हे पटले. काही न करण्याचा त्याला नोकरीत अनुभव होता.

वृद्धाने टाकी मोठी घ्यायला लावली. "लहान टाकी नवशिक्याची चूक पोटात घालत नाही." मग ते आपोआप चालणारे यंत्र उचलून त्यांनी परत फळीवर ठेवले. "हे नको. घरात स्टीलचा तांब्या असेल. रोज सकाळी आटेल तेवढं त्यानं भरत जा."

"आजोबा, तुम्ही माझं दुकान बंद करणार," दुकानदार म्हणाला.

"अहो, पण यंत्र असताना हातानं कशाला?" गृहस्थाने विचारले.

"मग सकाळी उठून करणार काय तू?"

गृहस्थाने मोठ्या टाकीचे पैसे मोजले.

टाकी मांडून द्यायला वृद्ध सकाळी आले, तेव्हा निवलेला दुसरा कप गृहस्थ मोरीत ओतताना त्यांनी पाहिला. कित्येक आठवडे टाकीत नुसते पाणी आणि दगड होते. गृहस्थ त्यांच्याकडेही बघत बसे. पाणी माशाला राहण्याजोगे झाल्यावर एक केशरी मासा आला. गृहस्थ त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागला. मासा प्रतिवाद करत नसे. बऱ्याच काळानंतर त्या घरात कोणाचे तरी लक्ष आपल्याकडे आहे असे गृहस्थाला वाटू लागले.

मग एके दिवशी माशाने खाणे सोडले. तो कोपऱ्यात तळाशी जाऊन राहिला. गृहस्थाने घाबरून वृद्धांना फोन केला.

वृद्ध सकाळीच आले. त्यांनी खारेपणा मोजला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तांब्यातून काय ओततोस?"

"मीठ कालवलेलं पाणी. समुद्र कमी होतो, तर समुद्रच भरायला नको?"

वृद्ध वळले, पत्नीच्या खुर्चीवर बसले आणि समोरचा निवलेला चहा शांतपणे पिऊन टाकला.

"तो तिचा होता," गृहस्थ म्हणाला.

"ठाऊक आहे," वृद्ध म्हणाले. "काचेच्या काठावर पांढरं काय साचलंय, बोटानं चाखून बघ."

"खारट आहे."

"उडून जातं ते पाणी. मीठ कुठं जात नाही रे. तू मात्र ते जाईल या भीतीनं रोज वरून घालत राहिलास. हे सांगायचं राहिलं, ती चूक माझी. आता थोडं खारं काढ आणि तेवढंच गाळलेलं गोडं पाणी घाल. पण हळूहळू, एका दिवसात खारेपणा उतरवायला जाशील तर मासा जाईल." त्यांनी रिकामा कप बशीत ठेवला. "चहा चांगला करतोस. मोरीला त्याचं काय?"

ते गेल्यावर गृहस्थाने तो कप विसळून ठेवला. टाकीतले पाणी पुढे थोडेथोडे करून ताळ्यावर आले आणि मासा वर येऊन पहिला दाणा टिपून गेला. त्या दिवशी सकाळी तांब्याभर गोडे पाणी ओतून झाल्यावर गृहस्थाने दुसरा कप उचलला, जिन्यात आला आणि समोरची बेल वाजवली.

निमकरांनी दार उघडले. आधी चपलांकडे पाहिले, मग कपाकडे.

"साखर घातलीय?"

"घातलीय."

"मला चालत नाही," निमकर म्हणाले, आणि कप घेतला.

टाकीतले मीठ होते तेवढेच राहिले. ते राहायचेच असते. रोज भरायचे असते ते गोडे पाणी.