दोन श्वास आधी

एका गावात तिघं जिवाभावाचे दोस्त राहत होते, असं सांगायची सोय आता राहिलेली नाही. हे तिघं तीन गावांत राहत. शाळा एकच होती, आजऱ्याची. ती सुटली आणि पाखरं पांगली. शलाका सांगलीला गेली, ओजस लातूरला. हणमंत तेवढा डोंगरावरच्या आपल्या वस्तीत राहिला. तरी रोज तिघं भेटत, ते मोबाइलवरच्या एका खेळात.

खेळ लढाईचा. शलाका तलवारबाज, ओजस तिरंदाज, हणमंत वैदू. शलाकाचं काय विचारता! राक्षस दिसला की ही पुढे. जखम झाली की हणमंतानं मंत्र टाकायचा, जखम भरायची, की बाई पुन्हा पुढे. असे कितीतरी किल्ले त्यांनी घेतले. राहिला एकच, बर्फाचा. तिथे हिमासुर ठाण मांडून बसला होता. तो पडेल तेव्हा किल्ल्यात जे उभे असतील, त्यांची नावं दरवाजावर कोरली जात आणि कायमची राहत.

शलाकाला तो दरवाजा हवाच होता. कारण हणमंत सैन्यात भरती झाला होता आणि सोमवारी पहाटे ट्रेनिंगला निघणार होता. तिकडे कसला मोबाइल आणि कसला खेळ! शाळेच्या बाकावर तिघांनी एका ओळीत नावं कोरली होती आणि गुरुजींचा मारही एका ओळीत खाल्ला होता. तशीच ती या दरवाजावर लागावीत, एवढंच तिच्या मनात होतं.

पण वस्तीवर रेंज म्हणजे देवाची करणी. हणमंत पाण्याच्या टाकीवर चढून बसे, तेव्हा कुठे खेळ सुरू होई, आणि तोही मागून रखडत येई. शलाकाला राक्षसाची गदा लागली, की हणमंताला ती दिसायची दोन श्वासांनंतर. त्याने टाकलेला मंत्रही तसाच दोन श्वास रखडे, तो पोचेपर्यंत बाईसाहेब आडव्या! बोलणं साध्या फोनवर चाले, तिथे आवाज वेळेवर पोचे. त्यामुळे शिव्या मात्र वेळेवर मिळत.

या खेळाची एक खोड होती. किल्ल्यात जितकी माणसं शिरतील, तितका राक्षस बळकट. माणूस कमी झाला की राक्षसही हलका.

"शलाके, आपण दोघंच जाऊ या," शनिवारी ओजस म्हणाला. "हणमंत्याचा मंत्र तसाही मढं उचलल्यावर येतो."

हरून हरून माणसाची मती फिरते. शलाका हो म्हणाली. दोघं गुपचूप किल्ल्यात शिरले आणि काय सांगावं, हिमासुराचा नखभर जीव उरला होता, तेवढ्यात घात झाला आणि दोघं आडवे. उद्या दोघं गेलो की पडलाच म्हणून समज, असं ठरवून ते झोपले.

रविवारी दुपारी हणमंताचा फोन आला. ओजसलाही त्याने त्याच फोनवर जोडून घेतलं होतं.

"काल तुम्ही किल्ल्यात होतासा. मला दिसलं."

कोण दोस्त कुठे लढतोय हे खेळात सगळ्यांनाच दिसतं. शहाणे तेवढंच विसरले होते!

"रागावलो न्हाई," हणमंत म्हणाला. "माझ्यामुळंच हरताय. जावा दोघं, जिंका. आईनं लाडू वळायला घेतल्यात, मी तिच्याजवळ बसतो."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. शलाकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हणमंत्या, टाकीवर चढ," ती म्हणाली. "लाडू नंतर."

"अगं, हातातला डाव घालवतेस!" ओजस ओरडला.

"दोन नावांचा दरवाजा मला नको. हरायचं तर तिघांनी हरू. पण मी हरायला चाललेले नाही."

गेले तिघं. हरले. पुन्हा गेले, पुन्हा हरले. अंधार पडला की हणमंताला टाकीवरून उतरावं लागणार होतं. पण रडत बसणाऱ्यांतली ही पोर नव्हती. तिने तलवार म्यान केली आणि आयुष्यात पहिल्यांदा राक्षसासमोर नुसती उभी राहून बघत राहिली. आणि तिला दिसलं. गदा उगारण्याआधी हिमासुर दाढीतला बर्फ झाडायचा. झाडायला लागे दोन श्वास.

"इतके दिवस हा म्हातारा दाढी झाडतोय आणि मला पत्ता नाही!" तिला हसूच आलं. "हणमंत्या, तुला काय दिसतंय ते सोड. मी 'टाक' म्हटलं की मंत्र टाक."

"जखम नसताना?"

"नसताना."

"बरं," हणमंत म्हणाला. आणि मंत्रावर बोट ठेवून बसला.

पहिल्यांदा तिने उशिरा सांगितलं. मग घाईने फार आधी सांगितलं. प्रत्येक वेळी किल्ल्याच्या पायथ्यापासून नव्याने चढावं लागे. ओजसची कुरकुर हळूहळू थांबली आणि त्याचे बाण नेमके लागू लागले. ऊन कलायला लागलं. मग एकदा दाढी हलली, शलाका "टाक!" म्हणाली, गदा कोसळली आणि त्याच क्षणी हणमंताचा मंत्र येऊन पोचला. शलाका जागची हलली नाही. पुन्हा दाढी, पुन्हा "टाक!", आणि मधल्या वेळात तिची तलवार. पुऱ्या ताकदीचा तो हिमासुर शेवटी गुडघ्यांवर आला आणि पालथा पडला.

ओजस ओरडणार, तोच शलाका पुटपुटली, "शू! थांब." दोघं गप्प बसले. एक श्वास गेला. दुसरा गेला.

"पडला!" डोंगरावरून आरोळी आली. "शलाके, पडला की गं!"

मग मात्र तिघं असे ओरडले, की सांगलीतले शेजारी दारात आले. दरवाजावर तीन नावं एका ओळीत उमटली.

"तुम्हाला कवा दिसला पडताना?" हणमंतानं विचारलं.

"तुझ्याबरोबरच," शलाका म्हणाली.

तात्पर्य: सोबती उशिरा पोचत असेल, तर त्याच्यासाठी आपण थोडं आधी सावध व्हावं, त्याला वगळून मिळवलेला जय अर्धाच असतो.