उगवतीची वेस राखणारी साळूबाई

ही उंबरवेढ्याची गोष्ट. नदीवर अजून पूल नव्हता, तेव्हाची. गावाला चहूबाजूंनी तट होता आणि नदीकडे तोंड करून उगवतीची वेस उभी होती. तिच्या कमानीवर दोन दगडी हत्ती. वेस कुणी बांधली, हे तेव्हाच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्या वेशीपाशी साळूबाई राहायची. चुना मळायचं काम तिचं. गावात कुणाचं घर बांधून झालं की उरलासुरला चुना ती टोपलीत घालायची आणि वेशीच्या भेगा बुजवत बसायची. बुजवताना दगडांशी बोलायची. "काय रे, दुखतंय का?" असं त्या हत्तींना विचारायची. लोक हसायचे. पण हसता हसता तिच्यापुढे भाकरीही ठेवायचे.

एकदा सरकारातून हुकूम आला. नदीवर पूल बांधायचा आणि त्याला दगड वेशीचा घ्यायचा. गावाला पूल हवाच होता. पंचांनी माना डोलावल्या. मुकादम येसाजी वीस गडी घेऊन आला, नदीकाठी पालं टाकली आणि वेशीच्या एका अंगाचे दगड काढायला लागला.

साळूबाई भांडली नाही, रडली नाही. गडी भाकरीला बसले की ती उठायची आणि काढलेले दगड होते तिथे परत रचायची. चार गड्यांना न हलणारा दगड ती पदरात घेऊन चालायची, असं म्हणतात. तीन दिवस हेच चाललं. शेवटी येसाजी वैतागला.

"म्हातारे, एवढं बळ तुला देतं तरी कोण?"

"ज्यांनी हे दगड पहिल्यांदा उचलले ना, त्यांचं बळ अजून आहे यात," साळूबाई म्हणाली. "पूल बांध की, लेकरा. पण डोंगर काय थोडे आहेत?"

येसाजीनं एकदा डोंगराकडे पाहिलं. पण हुकूम तो हुकूम. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं पुन्हा खिंडार पाडलं.

त्याच दुपारी वरच्या अंगाला ढग फुटला. नदी भिंतीसारखी उभी राहून आली. साळूबाईनं वेशीतून हाक मारली, "अरे, पालं सोडा! आत या सगळे!" वीसच्या वीस गडी आत आले, दरवाजे लागले. खिंडार मात्र तसंच उघडं होतं. मग ज्या हातांनी दगड काढले, तेच हात ते लावायला धावले. साळूबाई चुना देत होती, येसाजी दगड बसवत होता. शेवटच्या फटीला चुना उरला नाही. साळूबाईनं तिथे पाठ लावली. पाणी कमानीपर्यंत चढलं, हत्तींच्या सोंडा बुडाल्या, पण आत थेंब आला नाही, असं म्हणतात. पाणी उतरल्यावर तिची पाठ दगडापासून सोडवायला चौघं लागले.

येसाजी तसाच चिखलाच्या पायांनी सरकारी साहेबाकडे गेला. "वेस पाडायची तर दुसरा मुकादम बघा," म्हणाला. पूल झाला, पण डोंगराच्या दगडाचा.

साळूबाई पुढे पुष्कळ वर्षं जगली. आजही उंबरवेढ्यात नवी सून आली की आधी वेशीपाशी थांबते. दगडावर तळवा टेकवते आणि म्हणते, "साळूआत्या, आले हो." मग सोबतच्या बायका दगडाला कान लावतात. काय ऐकू येतं, ते त्या पुरुषांना सांगत नाहीत.