नऊ पियानोंचा एक पियानो

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे, नदीकाठच्या एका राज्यात एक सरदार राहत होता. त्याला जुने पियानो जमवण्याचा भारी नाद. साधे नव्हेत, आपोआप वाजणारे. कपाटाएवढी उंच लाकडी पेटी. फटीत नाणं टाकलं की आतला भोकं पाडलेला कागद सरकू लागे, हातोड्या तारांवर आणि छोट्या घंट्यांवर पडत आणि गाणं सुरू होई. कधीकाळी ते धर्मशाळांत, बाजारांत, नदीच्या घाटांवर उभे असत. सरदाराने असे नऊ मिळवले होते.

रोज सकाळी तो एकेकात नाणं टाकी आणि लगेच तुलना करू लागे. "याचा खर्ज घुमतो, पण घंट्या बद्द. त्याच्या घंट्या गोड, पण तारा ढिल्या." नऊंपैकी एकही त्याच्या पसंतीला पुरता उतरत नसे.

एके दिवशी शेजारच्या राज्यातल्या वृद्ध राजमातेचा निरोप आला. 'जुन्या घाटावरचा पियानो तुमच्याकडे आहे असं समजलं. तो ऐकायला येते.'

सरदार चिंतेत पडला. घाटावरचा पियानो तर सगळ्यांत डावा! त्याने पियानो दुरुस्त करणाऱ्या म्हातारीला बोलावलं.

"आजी, प्रत्येकातलं उत्तम तेवढं काढा आणि एकच पियानो बनवा. राजमातेने तोंडात बोट घातलं पाहिजे."

म्हातारी म्हणाली, "सरकार, ह्या हातोड्या ह्याच तारांना सरावल्यात. दुसऱ्या घरात त्या नांदायच्या नाहीत."

"मी सांगतो तेवढं करा."

म्हातारीने सुस्कारा सोडला आणि हत्यारांची पिशवी उघडली.

ठरल्या दिवशी राजमाता आली. सरदाराने ऐटीत नाणं टाकलं. पण हातोड्या पुढे धावल्या, घंट्या मागे रेंगाळल्या आणि एक तार ताडकन तुटली. गाण्याचा नुसता कालवा झाला.

राजमाता शांतपणे म्हणाली, "असू दे हो. मला घाटावरचाच ऐकायचाय. मी आठ वर्षांची होते. आई मला घेऊन होडीची वाट बघत बसायची, तेव्हा तो वाजायचा. आईबरोबरचं तेवढंच काय ते आठवतं."

सरदाराची मान खाली गेली. "राजमाता, त्याच्या तारा मी काढल्या."

ती उठली. त्या मुक्या पेटीच्या लाकडावरून तिने एकदा हात फिरवला आणि मेण्यात जाऊन बसली.

सरदाराला जेवण गोड लागेना. मोडलेले पियानो पुन्हा जुळवायला तो स्वतः म्हातारीच्या हाताखाली बसला. कुठला खिळा कुठल्या पियानोचा, हे आता तिलाही नीट सांगता येईना. वर्ष गेलं. नऊंपैकी जेमतेम तीन पियानो बोलते झाले. त्यांत घाटावरचा एक. तो वाजला त्याच सकाळी सरदाराने स्वार धाडला: 'राजमाता, या. गाणं तयार आहे.'

स्वार चौथ्या दिवशी परतला. घोड्यावरून उतरला, पण मान वर करीना.

"सरकार, राजमाता गेल्या. पंधरा दिवस झाले."

सरदार पुढे बराच जगला, पण पियानोंची तुलना करताना त्याला पुन्हा कोणी ऐकलं नाही.

म्हणून सांगतो, बाळांनो आणि मोठ्यांनो: सर्वांत उत्तमाच्या हव्यासापायी हातचं चांगलं मोडू नये; ते पुन्हा जुळलं तरी वेळ निघून गेलेली असते.