पथ्यकरीण

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावातली एक मुलगी लहानपणीच मामाबरोबर दूरदेशी गेली, तिथल्या मोठ्या पाठशाळेत वैद्यकी शिकली आणि बारा वर्षांनी घरी परत आली.

येताना वाटभर तिला एकच धास्ती होती. गाव आपलं ऐकणार नाही. कालची पोर म्हणून हसेल, काढा ओतून देईल, 'आमचे बापजादे असेच जगले' असं म्हणेल. बैलगाडीत बसल्या बसल्या तिनं या सगळ्याला काय उत्तर द्यायचं ते घोकून ठेवलं होतं.

घडलं भलतंच. गाव तिच्याशी एका शब्दानंही भांडलं नाही.

वेशीजवळच्या धर्मशाळेत तिनं औषधांच्या बरण्या मांडल्या आणि पहिल्याच दिवशी ओटा माणसांनी भरून गेला. गावात मोठं दुखणं कुणालाच नव्हतं. होती ती सगळी बारीकसारीक. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाला आंबट ढेकर, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला रात्रभर झोप नाही. ती प्रत्येकाला हेच सांगायची की हे दुखणं औषधापेक्षा सवयीनं जाईल. थोडं चाला, थोडं कमी जेवा, लवकर उठा, जीभ आवरा.

"पाटील, डोकं दुखायचं थांबवायचं तर दुपारची झोप सोडावी लागेल," ती म्हणाली.

"सोडली!" पाटलांनी मांडीवर थाप मारली. "आजपासून सोडली म्हणून समज."

"आणि जेवणात तूप नको."

"तूप? नावसुद्धा काढणार नाही."

घरीही तसंच. आईचे गुडघे दुखायचे. तिनं आईला रोज पहाटे डोंगरावरच्या देवीपर्यंत एक फेरी चालायला सांगितलं. वडिलांचं पोट सुटलं होतं आणि दुखायचंही, त्यांचं रात्रीचं जेवण बंद केलं आणि सकाळी वाटीभर काडेचिराइताचा काढा दिला. थोरला भाऊ चिडका होता. त्याला म्हणाली, "दादा, दिवे लागल्यापासून निजेपर्यंत मौन धरायचं."

"एवढंच ना?" दादा हसला. "धरलं."

त्या रात्री तिला समाधानानं झोप आली. आपल्या गावासारखं शहाणं गाव नाही, असं तिला वाटलं.

एक महिना गेला. आई अजून भिंतीला धरूनच उठायची. वडिलांचं पोट तसूभरही उतरलं नव्हतं. पाटलांचं डोकं दुखायचं ते दुखतच होतं.

"फरक पडतोय का गं आई?"

"पडतोय की. थोडा थोडा पडतोय," आई म्हणायची आणि कळ आली की डोळे मिटून घ्यायची.

मुलीनं रात्र रात्र पोथ्या चाळल्या. आपलंच काहीतरी उणं पडतंय, असं तिनं ठरवून टाकलं. मग तिनं आईच्या एका फेरीच्या दोन फेऱ्या केल्या. वडिलांचा काढा दुप्पट कडू केला, आणि आठवड्यातून दोन दिवस निर्जळी सांगितली. गावातल्या प्रत्येकाचं पथ्य तिनं असंच वाढवलं. कुणीही कुरकुर केली नाही.

घरात एकच माणूस होतं जे तिच्याकडे कधी औषधाला आलं नाही. ती तिची वहिनी, मथुरा. संध्याकाळी धर्मशाळा बंद करून मुलगी घरी यायची, तेव्हा घरातली जेवणं उरकलेली असायची, दादा चावडीवर गेलेला असायचा आणि वहिनी चुलीपाशी भांडी घाशीत बसलेली असायची.

"वहिनी, तू वाळत चाललीस. बरं नाही का?"

वहिनी नुसती हसायची आणि ओठांवर बोट ठेवायची. मुलीला वाटायचं, आईला कळू नये म्हणून असेल. नाहीतर लाजत असेल.

मग एके दिवशी गुळवेल संपली, म्हणून ती पहाटे डोंगरावर गेली. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. देवीच्या वाटेवर तिला माणसांची रांग दिसली आणि तिचं काळीज सुपाएवढं झालं. एवढी माणसं! सगळं गाव चालतंय!

जवळ गेल्यावर तिनं पाहिलं. रांगेत एकही म्हातारं माणूस नव्हतं, पाटील नव्हते, एकही पोट सुटलेला माणूस नव्हता. सगळ्या सुना होत्या. पदर कमरेला खोचून, माना खाली घालून त्या चढत होत्या. वाटेच्या कडेला एका दगडावर वहिनी बसली होती आणि हिरवं पाणी ओकत होती.

"वहिनी! इथं काय करतेस?"

"सासूबाईंच्या गुडघ्यांचं चालणं," वहिनी तोंड पुसत म्हणाली. "एक फेरी झालीय, एक राहिलीय. तुम्हीच वाढवलीत ना, वन्सं?"

"आईचं चालणं तू चालतेस? आणि हे काय ओकलीस?"

"मामंजींचा काढा. उपाशीपोटी जरा उलटतो. जेवणही त्यांचंच सोडलेलं ना, त्यामुळं पोटात काही राहत नाही. आज तर त्यांची निर्जळी आहे." वहिनीनं घाईघाईनं वर बघितलं. "पण चूळ भरली नाही हो मी. नेमानं करतेय सगळं. यांचं मौनसुद्धा एक दिवस मोडलं नाही."

मुलगी तिच्या शेजारी बसली. तिची संध्याकाळची भाबडी विचारपूस आणि वहिनीचं ओठांवरचं बोट, सगळं तिच्यापुढं उभं राहिलं.

"असं कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात?" वहिनीला नवल वाटलं. "मी घरची पथ्यकरीण आहे. प्रत्येक घरात एक असते. घराचे उपास, नेम, पथ्यं तिनं करायची. माझ्या आधी तुमच्या काकू होत्या ना?"

मुलीला काकू आठवली. सदा उपाशी, सदा कुठल्याशा देवाला निघालेली. काकू फार देवभोळी होती, एवढंच तिच्या लहानपणीच्या आठवणीत राहिलं होतं. ती गेल्याचं पत्र पाठशाळेत आलं, तेव्हा त्यात दुखण्याचं नाव नव्हतं.

"काकू कशानं गेली, वहिनी?"

"कशानं असं नाही. सुकत सुकत गेल्या, म्हणतात."

"आणि तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण मला मुलगा होईल, त्याची बायको घरात येईल, मग मी सुटेन." एवढं बोलून वहिनी उठली आणि दुसऱ्या फेरीला वळली. मुलीनं तिला दंडाला धरून घरी आणलं. दंड हातात घेतल्यावर तिला कळलं की नुसतं हाडच हातात आलंय.

घरी ती आईवर कडाडली. आई गोंधळून गेली.

"अगं, पण आम्ही तुझं एक तरी पथ्य चुकवलं का? सगळं जिथल्या तिथं झालंय."

"गुडघे तुझे आणि चालते ती! कसे बरे होतील?"

"तुझ्या आजीचे नेम मी पाच वर्षं केले," आई म्हणाली. "माझे केस गळले, पाठ गेली. मग तुझी काकू या घरात आली तेव्हा माझी सुटका झाली. आता माझं कुणीतरी करायला नको? सगळं आयुष्य मीच करत राहू?"

आईच्या आवाजात खोट नव्हती. तीच गोष्ट मुलीला जास्त लागली.

वाद घालण्यापेक्षा आधी वहिनीला वाचवलं पाहिजे, असं तिनं ठरवलं. तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "वहिनीला पंधरा दिवस पूर्ण विश्रांती. अंथरुणावरून उठायचं नाही. सकाळ-संध्याकाळ दूध आणि मऊ भात. हे माझं औषध आहे, आणि हे चुकलं तर वहिनी जगणार नाही."

"पंधरा दिवस विश्रांती," आईनं मान डोलावली. "दूध आणि मऊ भात. होईल हो. काही काळजी करू नकोस."

दुपारी मुलगी धर्मशाळेतून मुद्दाम लवकर आली. माजघरात खाटेवर आई पांघरूण घेऊन पडली होती. उशाशी दुधाचा पेला रिकामा होता. आतून जात्याची घरघर येत होती. दळणारी वहिनी होती.

"आई, हे काय?"

"हळू बोल. विश्रांती चाललीय." आई कुशीवर वळली. "पथ्यकरणीचं पथ्य घरातल्या थोरल्या बाईनं करायचं असतं. तशीच रीत आहे. तिला काय आपण वाऱ्यावर सोडू? बघ, पंधरा दिवसांत कशी टवटवीत होते ती."

मुलीला हसू आलं आणि लगेच रडू फुटलं. आई तिला फसवत नव्हती. आई मनापासून सुनेच्या वतीनं विश्रांती घेत होती.

ती तशीच चावडीवर गेली. तिनं गाव गोळा केलं. तिच्या बोलण्याला धार होतीच, त्यात आता जीव ओतला. ज्याचं दुखणं त्याचंच पथ्य, असं ती परोपरीनं बोलली. दुसरीनं काढा प्यायला तर तुमचं पोट कसं उतरेल? दुसरी चालली तर तुमचे गुडघे कसे मोकळे होतील? आणि त्या मुली तुमच्या डोळ्यांसमोर सुकतायत, त्याचं काय?

लोक थक्क होऊन ऐकत होते. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले.

"पोरगी लाख बोलली," पाटील उठून म्हणाले. "ज्यानं त्यानं आपलं पथ्य आपणच करायचं. आज सगळ्या गावानं तशी शपथ घ्यायची. कबूल?"

"कबूल!" सगळं गाव एका आवाजात ओरडलं.

मुलीचा ऊर भरून आला. तेवढ्यात पाटलांनी वळून हाक दिली, "चला, बोलवा घराघरातल्या सुनांना. शपथेला उभ्या करा."

सुना आल्या. हातातली कामं टाकून, ओले हात पदराला पुसत आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. वहिनीही आली. घराण्याच्या वतीनं एकेक जण पुढं येऊन शपथ घेऊ लागली. 'यापुढे आम्ही आमचं पथ्य आम्हीच करू.' आणि मागं बसलेले सासरे समाधानानं माना डोलवू लागले.

मुलीला ओरडावंसं वाटलं. पण काय ओरडणार? ती जे जे बोलली होती, त्यातलं एकही अक्षर लोकांनी नाकारलं नव्हतं.

वहिनीची पाळी आली. ती दोन पावलं पुढं आली, तिनं हात जोडले आणि ती जागच्या जागी कोसळली.

मग वडील खाकरले. "आता आमच्या घराची शपथ कोण घेणार?"

सगळ्यांच्या नजरा मुलीकडे वळल्या.

"तू घे की," आई प्रेमानं म्हणाली. "सून काय नि लेक काय. ती उठेपर्यंत तू कर. तू तर शिकलेली. तू केलेलं पथ्य जास्त लागू पडेल."

मुलीनं वहिनीला उचललं. उचलायला दुसरं कुणी लागलंच नाही, इतकी ती हलकी झाली होती. धर्मशाळेत नेऊन तिनं तिला आपल्या अंथरुणावर निजवलं आणि दाराला आतून अडसर घातला. चमच्यानं दूध घातलं, ते निम्मं ओघळून गेलं. नाडी लागायची आणि पुन्हा हरवायची. ती जगेल की नाही, हे पाठशाळेतली कुठलीच पोथी सांगत नव्हती.

उजाडलं. डोंगराच्या वाटेवर रांग निघालेली तिला खिडकीतून दिसली. कालच्याच सुना होत्या. काल शपथ घेतली म्हणून कुणाची एक फेरीही कमी झाली नव्हती. त्यातल्या प्रत्येकीच्या फेऱ्या मोजून तिनंच नेमून दिल्या होत्या. तिनं मनापासून दिलेलं प्रत्येक औषध त्या पाठींवर जाऊन बसलं होतं.

दार वाजलं. बाहेर आई होती. पायरीवर बसून गुडघे चोळत होती.

"उघड गं. मेले गुडघे रात्रभर ठणकले. काहीतरी नवं औषध दे. आणि ते कुणी करायचं तेही आता तूच सांग, तुझ्या शब्दाबाहेर नाही मी."

मुलीनं अडसर काढला. आईच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे तिनं पाहिलं. त्यांवर शेकायचं कसं, बांधायचं काय, सगळं तिला येत होतं. बारा वर्षं ती हेच शिकली होती, आणि याच गुडघ्यांची आठवण ठेवून शिकली होती.

तिनं आतल्या बरण्या एकेक करून आणल्या आणि आईसमोर उकिरड्यावर पालथ्या केल्या. यानं रीत मोडणार नाही, हे तिला ठाऊक होतं. रीत तिच्या आधीही होती, पुढंही राहील. पण त्या सुनांच्या पाठीवरचं जेवढं ओझं तिनं स्वतः चढवलं होतं, तेवढं तरी उतरेल.

"आई, मी आजपासून या गावात कुणालाच औषध देणार नाही," ती म्हणाली. "तुझे गुडघे दुखू देत. बाबांचं पोट दुखू दे. निदान तेवढं तरी तुमचं तुम्हालाच दुखेल."

आणि ती आत वहिनीपाशी जाऊन बसली.

या गोष्टीचं तात्पर्य: आपलं पथ्य दुसऱ्याच्या गळ्यात घालणारा कधी बरा होत नाही, आणि ज्याच्या गळ्यात ते पडतं तो मात्र झिजून जातो. म्हणून चांगला सल्ला देणाऱ्यानं, आपल्या सल्ल्याचा काढा शेवटी कोण पितंय, हे आधी डोळ्यांनी पाहावं.